पाणी कुठं अडलंय?

सकाळी ७

पुण्यात जुलैचा पाऊस लागला की माझा फोन चहाच्या आधी वाजायला लागतो. उन्हाळ्यात वॉशिंग मशीन बंद पडलं तर लोक दोन-चार दिवस काढतात. कपडे हातानं पिळून दोरीवर टाकले की दुपारपर्यंत वाळतात. पावसाळ्यात मशीननं पिळलेला कपडासुद्धा दमट राहतो, मग न पिळलेल्याची गोष्टच नको. शाळेचे गणवेश, ऑफिसचे शर्ट, घरात बाळ असेल तर दुपटी, सगळंच अडून बसतं.

तक्रार बहुतेक वेळा अशी येते: "दादा, मशीन फिरतं पण पिळत नाही." नाहीतर, "कपडे आत अडकलेत, दार उघडत नाही." पाणी निघत नाही, असं सांगणारे थोडे. पण फ्रंट लोड मशीनमध्ये या तिन्ही तक्रारींचं मूळ पुष्कळदा एकच असतं. ड्रममध्ये पाणी उरलं असेल तर मशीन मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांचा वेग घेतच नाही. पाण्याची पातळी उतरल्याशिवाय दाराचं कुलूपही सुटत नाही, कारण दार समोर असतं आणि ते उघडलं तर सगळं पाणी घरभर होईल. मशीन स्वतःला आणि घराला सांभाळत थांबलेलं असतं.

म्हणून फोनवरच मी तीन प्रश्न विचारतो. पडद्यावर कुठली अक्षरं दिसतात? एलजीवर 'ओई', सॅमसंगवर '५सी' किंवा जुन्या मॉडेलवर '५ई', बॉशच्या बऱ्याच मॉडेलवर 'ई१८', हे सगळे पाणी बाहेर जात नसल्याचे निरोप. दुसरा प्रश्न, पाणी काढायच्या वेळेला आवाज कसा येतो? नुसती गुणगुण, खडखड, की काहीच नाही? तिसरा, एवढ्यात मशीन हलवलं का, घर बदललं का, मागचा पाइप कुणी काढून लावला का? या तीन उत्तरांवर अर्धं निदान होतं आणि पिशवीत काय घ्यायचं ते ठरतं.

सकाळी ८:१५

पिशवीत मीटर, लांब नाकाची पक्कड, बॉक्स पान्हे, क्लॅम्पची पक्कड, टॉर्च, लांब दांड्याचा छोटा आरसा आणि भरपूर जुनी फडकी. त्याशिवाय दोन गोष्टी माझ्याकडे कायम असतात. एक म्हणजे बुटकी, पसरट परात. फ्रंट लोडचा फिल्टर जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर असतो, त्याच्याखाली बादली जात नाही. दुसरी गोष्ट रबरी चटई. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढायच्या, म्हणजे मी अनवाणी, फरशी ओली आणि समोर २३० व्होल्टचं यंत्र. प्लग काढल्याशिवाय मी झाकणाला हात लावत नाही, पण पंपाला वीज पोचते का हे मोजायला काही वेळा चालू मशीनपाशी बसावं लागतं. तेव्हा पायाखाली चटई हवीच. हाताखाली येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, पान्हा नंतर.

सकाळी ९:१५, सिंहगड रस्ता

आनंदनगरजवळच्या सोसायटीत एक काकू. मशीन ड्राय बाल्कनीत, आत चादरी आणि काचेपर्यंत पाणी. आदल्या दिवशी कुणीतरी न बघताच फोनवर "पंप गेला" असं सांगून टाकलेलं. काकूंनी पैसे काढून ठेवले होते.

"काकू, पंप बदलायचं नंतर ठरवू. पाणी कुठं अडलंय ते आधी बघू."

प्लग काढला, नळ बंद केला. शेवटचं धुणं गरम पाण्यातलं होतं का, ते विचारून घेतलं. साठ अंशांचं धुणं अर्धवट थांबलं असेल तर आतलं पाणी हात भाजवतं, आणि तसं असेल तर थंड होईपर्यंत थांबायचं. मग मशीनच्या मागचा आउटलेट पाइप त्याच्या क्लिपमधून सोडवून त्याचं तोंड बाल्कनीच्या जाळीजवळ जमिनीला टेकवलं. पंप बंद असला तरी त्याच्या पात्यांमधून पाणी वाहू शकतं. ड्रमची पातळी पाइपच्या तोंडापेक्षा वर आहे, म्हणजे वाट मोकळी असेल तर पाणी आपल्या वजनानंच बाहेर यायला हवं. धार चांगली आली तर आतली वाट स्वच्छ, मग दोष पंपाच्या मोटरमध्ये, तिच्या विजेत किंवा इमारतीच्या निचऱ्यात शोधायचा. धार आली नाही तर अडथळा मशीनमध्ये किंवा त्या पाइपात. या तपासणीला एक पैसा लागत नाही आणि ती कुणालाही करता येते.

काकूंच्या मशीनची धार थेंबाथेंबावर आली. अडथळा आत होता.

पुढच्या बाजूला खाली, पुष्कळदा उजवीकडे, छोटं झाकण असतं. त्यामागे फिल्टर, आणि पुष्कळ मॉडेलमध्ये शेजारी बोटाएवढी जाड नळी. ती ओढून परातीत धरायची, बूच काढायचं, परात भरत आली की बूच लावायचं, परात रिकामी करायची, पुन्हा धरायची. ज्या मशीनला ही नळी नाही, तिथं फिल्टर डावीकडे पाव फेरा सैल करून पाणी झिरपू द्यायचं आणि परात भरली की परत आवळायचा. घाईनं फिल्टर सबंध काढला तर दहा-बारा लिटर पाणी एका दमात बाहेर येतं आणि बाल्कनीतून स्वयंपाकघरात शिरतं. इथं धीर धरणं हेच कौशल्य.

पाणी संपल्यावर फिल्टर बाहेर काढला. कापसाच्या धाग्यांचा लगदा, केस, ब्लाउजचा हुक, एक सेफ्टी पिन आणि रुपयाचं नाणं. ड्रमच्या बारीक भोकांतून नाणं जात नाही. दाराचं रबर आणि ड्रमची कड यांच्यामधल्या फटीतून ते खाली उतरतं आणि फिल्टरपाशी थांबतं. फिल्टर त्यासाठीच आहे. त्यानं नाणं अडवलं नसतं तर ते पंपाच्या पात्यांत गेलं असतं.

फिल्टर काढल्यावर पोकळीत टॉर्च मारून पाती बघायचीच. बोटानं पातं फिरवलं की ते सलग फिरत नाही, घड्याळाला चावी देताना लागतो तसा टप्प्याटप्प्यानं अडखळतं. हा अडखळा म्हणजे दोष नव्हे. आतल्या चुंबकाची ती ओढ आहे, आणि ती जाणवणं हे चांगलं लक्षण. पातं अजिबात हललं नाही किंवा अगदी मोकाट फिरलं, तर मात्र शंका घ्यायची. काकूंच्या पंपात केसांचा वेढा होता. तो पक्कडीनं काढला तसं पातं सुटलं.

फिल्टर परत बसवताना त्याचं रबरी कडं आणि आटे पुसून घ्यायचे. वाळूचा एक कण राहिला तरी तिथून गळतं. मग साबणाच्या खणातून एक-दोन लिटर पाणी ओतायचं, गळत नाही याची खात्री करायची, आणि फक्त 'ड्रेन-स्पिन' लावायचं. पाणी गेलं, ड्रमनं वेग घेतला, मशीन थांबल्यावर दोनेक मिनिटांनी कुलूप सुटलं. काकूंना मी झाकण उघडून पुन्हा सगळं दाखवलं आणि त्यांच्याच हातानं फिल्टर एकदा काढून बसवायला लावला. पंप तोच राहिला. काकूंनी काढून ठेवलेले पैसे परत डब्यात ठेवले.

सकाळी ११, कर्वेनगर

राजाराम पुलावरून पलीकडे. नवीन भाड्यानं आलेलं जोडपं, दोघंही घरून काम करणारी. तक्रार अगदी उलट: "दादा, मशीन पाणीच घेत नाही." पडद्यावरही पाणी येत नसल्याचाच संदेश. नळाला दाब उत्तम, इनलेटची जाळी स्वच्छ. मी धुणं लावलं आणि खाली वाकून बसलो. आत पाणी येत होतं आणि मोरीच्या जाळीतून तेवढंच बाहेर पडत होतं. पंप मात्र गप्प होता.

सामान हलवणाऱ्यांनी आउटलेट पाइप सरळ जमिनीवर टाकून त्याचं तोंड नहाणी ट्रॅपमध्ये खोचलं होतं. तोंड ड्रमच्या पातळीखाली, त्यामुळे एकदा पाइप भरून वाहू लागला की ड्रममधलं पाणी आपोआप ओढलं जातं. याला सायफन म्हणतात. सकाळी मी काकूंकडे मुद्दाम हेच करून पाणी काढायला बघितलं होतं. इथं ते नकळत, ऐन धुण्यात होत होतं. मशीन भरत राहतं, रिकामं होत राहतं, साबण वाहून जातो, वेळ पुढं सरकत नाही आणि शेवटी मशीन समजतं की नळाला पाणी नाही. कुणीही इनलेट व्हॉल्व्ह बदलून दिला असता आणि तक्रार जशीच्या तशी राहिली असती.

इलाज पाइपाच्या उंचीत आहे. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत पाइपाचं वळण जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर वर ठेवायला सांगितलेलं असतं. त्याहून खाली गेलं तर सायफन लागतो. फार वर नेलं तर पंपाला पाणी तिथवर चढवणं जड जातं, कारण तो घराच्या टाकीचा पंप नव्हे, जेमतेम तीस वॉटचा छोटा जीव आहे. मशीनच्या पाठीवर पाइप अडकवायची क्लिप असते ती याच हिशेबानं. ती वापरली, प्लास्टिकच्या पट्टीनं पाइप वर बांधला आणि मग त्याचं तोंड ट्रॅपकडे वळवलं. तोंड आत खोल खुपसायचं नाही आणि भोवती टेप गुंडाळून हवाबंदही करायचं नाही. तिथं हवेला जागा राहिली तरच ओढ तुटते.

त्या दोघांना मी आणखी एक सांगितलं. पाइप कमी पडला म्हणून बाजारातला दुसरा तुकडा जोडून मोरीपर्यंत नेतात. जोडाचं भोक अरुंद असतं, तिथं धागे साठतात, आणि लांबी वाढली की पंपावरचा भार वाढतो. शक्य असेल तर मशीन निचऱ्याजवळ आणावं.

दुपारी १२:४५, तापकीर गल्ली

बुधवार पेठेतली ही विजेच्या सामानाची गल्ली म्हणजे आम्हा दुरुस्तीवाल्यांचं कोठार. पावसात चिखल, वर ताडपत्र्या आणि दोन्ही बाजूंना दुकानं. कालच्या एका मशीनचा पंप खरोखर गेला होता, तो घ्यायला आलो.

पंप गेला हे ठरवायची रीत सरळ आहे. प्लग काढून पंपाच्या दोन टोकांवर मीटर लावायचा. धडक्या पंपाच्या वेटोळ्याचा रोध साधारण दीडशे ते दोनशे ओहम येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलीय. रोध बरोबर असून पंप नुसता गुणगुणत असेल तर पातं अडकलंय किंवा आतलं बेअरिंग झिजलंय. पंप थोडा वेळ चालून मध्येच गप्प होतो आणि अर्ध्या तासानं पुन्हा चालतो, असंही होतं. वेटोळं तापलं की आतला संरक्षक वीज तोडतो आणि थंड झाल्यावर जोडतो. अशा मशीनची तक्रार 'कधी चालतं, कधी नाही' अशी येते आणि लोक घरातल्या व्होल्टेजला दोष देत राहतात. रोध बरोबर, पातं मोकळं, तरीही पंप गप्प, असं असेल तर वायर आणि पीसीबी तपासायचे. कालच्या मशीनचं वेटोळंच तुटलेलं होतं, आणि तिथं पंप बदलण्यावाचून इलाज नव्हता.

दुकानदार विचारतात, "कंपनीचा देऊ की चालू?" बाहेरून दोन्ही पंप दिसायला एक. मी मॉडेल क्रमांक लिहून नेतो आणि पात्यांचा आकार, बसायच्या खाचा, प्लगचं तोंड हे सगळं जुन्याशी ताडून घेतो. वॉशिंग मशीन आता आपल्या आसपासच बनतात, रांजणगावात बनतात, गोव्यात वेर्ण्याला बनतात, त्यामुळे योग्य भाग मिळायला पूर्वीसारखी वाट बघावी लागत नाही. खाच नीट न बसणारा पंप टेपनं आवळून चालवण्याचं कारणच उरलेलं नाही.

दुपारी २

डबा खाता खाता फोन. धनकवडीच्या एका ताईंच्या मशीनवर 'ओई' दिसत होतं आणि मला संध्याकाळशिवाय वेळ नव्हता. घरी परात, फडकं आणि तासभर वेळ आहे का, एवढं विचारलं. आहे म्हणाल्या. प्लग, नळ, पाणी थंड, छोटी नळी, परात, फिल्टर, याच क्रमानं मी बोलत गेलो आणि त्या करत गेल्या. शेवटी फिल्टरमधून मुलाच्या खिशातलं गोटीएवढं खोडरबर निघालं. "दादा, तुम्हाला यायलाच नको," त्या म्हणाल्या तेव्हा त्यांच्या आवाजात जो आनंद होता, तो मला पोचला. त्या भेटीचे पैसे गेले, पण ते घर आता पाण्यानं अडणार नाही. माझ्या धंद्यात याहून मोठी जाहिरात नाही आणि याहून मोठं समाधानही नाही.

दुपारी ३, एरंडवणे

इथं एक निवृत्त आजोबा. त्यांनी फिल्टर स्वतः साफ केला होता, पाइप तपासला होता आणि सगळं एका कागदावर लिहून ठेवलं होतं. पंप चालतो, आवाज येतो, पण पाणी जात नाही. मी पंपाचा आवाज ऐकला. पाण्यानं भरलेल्या पंपाचा आवाज दबका आणि एकसुरी असतो. हा मोकळा, हवा घोळवणारा होता. म्हणजे पंपापर्यंत पाणीच येत नव्हतं.

ड्रमच्या तळापासून पंपापर्यंत एक जाड, घड्या असलेली काळी रबरी नळी असते. ती फिल्टरच्या आधी येते, त्यामुळे तिच्यातला अडथळा फिल्टर कितीही साफ केला तरी जात नाही. आजोबांच्या मदतीनं मशीन पुढं ओढलं, मागं तिरपं करून भिंतीला टेकवलं आणि खाली लाकडाचा ठोकळा दिला. नुसतं टेकवून कुणी खाली हात घालू नये. मशीनच्या आत काँक्रीटचं वजन असतं आणि ते घसरलं तर हात सुटत नाही. नळीचा क्लॅम्प सोडला आणि आतून लहान मुलाचा मोजा निघाला, नातवाचा.

"हा इतका मोठा मोजा गेला कसा?" आजोबांनी विचारलं. दाराच्या रबराच्या घडीत मोजा अडकतो, ड्रम वेगानं फिरतो आणि रबर आणि ड्रमच्या कडेमधल्या फटीतून तो ओढला जातो. बाळाचे मोजे, रुमाल, ब्राची तार यांना हीच वाट सापडते. अशा वस्तू जाळीच्या पिशवीत घालून धुवाव्यात, हे सांगितलं. आजोबांनी ते कागदावर टिपून घेतलं.

मोजा निघाल्यावर पाणी गेलं, पण पंप थांबेना आणि दारही सुटेना. आता दुसरं कारण शोधायचं होतं. ड्रमच्या बुडाशी हवेची एक छोटी कुपी असते, तिच्यातून एक बारीक नळी वर दाबाच्या सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढलं की कुपीतली हवा दाबली जाते, आणि त्या दाबावरून मशीनला आत किती पाणी आहे ते कळतं. मोज्यामुळे बरेच दिवस मळ साचला होता, तो या कुपीच्या तोंडाशी बसला होता. पाणी गेलं, पण दाब आत अडकून राहिला, आणि मशीन अजून पाणी आहे असं धरून पंप चालवत होतं. प्लग काढून नळी सेन्सरकडून सोडवली आणि कुपीच्या दिशेनं हळू फुंकली. सेन्सरच्या दिशेनं कधीच फुंकायचं नाही, त्याचा पडदा फाटतो. कुपी कोमट पाण्यानं धुतली, नळी बसवली. पंप वेळेवर थांबला, दार सुटलं. निचऱ्याचा दोष कधी पाण्यात नसतो, पाणी मोजणाऱ्या हवेत असतो, हे आजोबांना फार आवडलं. त्यांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

संध्याकाळी ५, बावधन

इथल्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी. मशीनमध्ये अडथळा नाही, फिल्टर स्वच्छ, पाइप मोकळा, तरी पाणी निघेना. काचेतून बघितलं तर वरपर्यंत फेस.

पंप पाणी ढकलतो, फेस नाही. फेसात मुख्यतः हवा असते, पाती तिच्यात नुसती फिरतात. जड पाण्यात साबणाचा फेस लवकर धरत नाही, म्हणून घरची मंडळी पावडर वाढवत जातात. त्यात पावडर हातानं धुण्याची असेल, तर ती भरपूर फेस करण्यासाठीच बनवलेली असते. पाइप कितीही बदला, फेस तसाच राहणार. पाणी खालच्या नळीनं काढलं, पावडर न घालता दोन वेळा खळबळून काढायचा प्रोग्रॅम लावला आणि फेस संपवला. पुढच्यासाठी फ्रंट लोडची कमी फेसाची पावडर, तीही पाकिटावरच्या मापानं, आणि महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर. जड पाण्याचा क्षार चढला असेल तर त्यासाठीची डीस्केलिंग पावडर.

त्या घरच्या मावशींनी मोरी धुवायचं ॲसिड टाकू का, असं विचारलं. हे पुष्कळ जण विचारतात, म्हणून सगळ्यांना सांगतो: नाही. ड्रमला मागून धरणारी तीन हातांची चौकट बहुतेक मशीनमध्ये ॲल्युमिनियमची असते. ॲसिड तिला खातं, रबरालाही खातं. फेसापायी मशीनचा कणा घालवायचा नाही.

संध्याकाळी ६:४५, वारजे

तळमजला. मशीनखाली पाणी, कपडे मात्र स्वच्छ पिळलेले. फ्रंट लोडचं बूड पुष्कळदा मोकळं असतं आणि पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत आत येतात. आउटलेट पाइपाला बाहेरच्या बाजूनं दातांनी पाडलेलं भोक होतं, शेजारच्या दोन तारांची सालंही निघालेली. पाइपाला टेप लावायची नाही, पंप सुरू झाला की दाबानं ती सुटते. पाइप नवा घातला, तारा सोल्डर करून वरून आवरण चढवलं, बूड जाळीनं बंद केलं. जाळी लावताना कुठलंही भोक सोडायचं नाही, उंदराला अंगठ्याएवढी जागा पुरते.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरून हाक आली: मशीन बंद असताना ड्रममध्ये काळं पाणी दिसतं. वर जाऊन पाहिलं. आउटलेट पाइप स्वयंपाकघराच्या सिंकच्या पाइपाला हवाबंद जोडलेला आणि वळण कुठंच वर उचललेलं नाही. खालचा मुख्य पाइप तुंबला होता, सिंकचं पाणी परत येऊन मशीनमध्ये उतरत होतं. पाइपाचं वळण वर बांधून दिलं आणि सांगितलं, "दादा, बाकी काम माझं नाही. प्लंबरला बोलावून मुख्य पाइप साफ करून घ्या, तोपर्यंत मशीन लावू नका." पंप बदलतो म्हटलं असतं तर ते तयार होते. पण त्यांच्या पंपाला काहीही झालेलं नव्हतं.

रात्री ९:३०

वडगावला घरी. जेवण झाल्यावर वही काढतो. प्रत्येक घरासमोर तीन रकाने: काय तक्रार सांगितली, पाणी खरं कुठं अडलं होतं, काय बदललं. पहिले दोन रकाने क्वचितच जुळतात. 'पिळत नाही' म्हणजे केसांचा वेढा, 'पाणी घेत नाही' म्हणजे पाइपाची उंची, 'पंप बंद होत नाही' म्हणजे हवेच्या नळीतला मळ. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो, आणि तो रिकामा राहणं हे माझ्या कामाचं खरं माप आहे. पंप बदलून पैसे मिळवणं सोपं. पाण्याचा माग काढत ड्रमपासून नळी, फिल्टर, पंप, पाइप, ट्रॅप इथपर्यंत चालत जाणं हे शिकावं लागतं, आणि त्याच वाटेनं गिऱ्हाइकाचा विश्वास येतो.

ज्यांच्या घरी फ्रंट लोड आहे त्यांना मी कळकळीनं एवढंच सांगेन. धुण्याआधी खिसे उलटे करा. पिना, हुक, नाणी काढून घ्या. लहान कपडे जाळीच्या पिशवीत घाला. महिन्यातून एकदा फिल्टर काढून धुवा, परात आणि फडकं घेऊन, प्लग काढून. मागचा पाइप कमरेच्या आसपास वर बांधलेला आहे ना ते एकदा बघा. दाराच्या रबराची घडी पुसा आणि दार थोडं उघडं ठेवा. आणि तरीही पाणी अडलं, कुणी येऊन झाकण न उघडताच पंप गेला म्हणालं, तर त्याला शांतपणे विचारा: पाणी कुठं अडलंय, ते आधी दाखवा. ज्याला काम येतं तो परात मागेल आणि खाली बसेल.